रिकामी टाकी जास्त धोक्याची : पेट्रोल टाकीची गळती कशी काढायची?

(हे या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'बरं का' थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

मागच्या भागात चेन आणि स्प्रॉकेट झालं. आज टाकीची गळती. सुरुवात माझ्याच मूर्खपणापासून करतो.

बाबांची 1998 सालची शंभर सीसीची गाडी आहे. ते गेल्यावर ती चिपळूणच्या घरी पडवीत एक अख्खा पावसाळा तशीच उभी राहिली. टाकीत अर्धं पेट्रोल, आणि मी पुण्यात. गणपतीला घरी गेलो तेव्हा आई म्हणाली, "संध्याकाळी दिवा लावायला बसलं की कसलातरी वास येतो रे." मी म्हटलं, जुनी गाडी आहे, येणारच. दोन दिवसांनी सहज गाडीखाली हात फिरवला, तर फरशी ओली. आणि उंबरठ्याच्या आत चार पावलांवर देवघर. तिथे समई.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते आणि पाण्यासारखी उताराकडे जाते. समईपर्यंत पोचायला तिला फक्त तो उंबरठा आड होता. आईचं नाक माझ्यापेक्षा शहाणं होतं, एवढंच म्हणतो. म्हणून पेट्रोलचा वास आला की गाडी आधी उघड्यावर काढा. बाकी सगळं नंतर.

गळतंय नक्की कुठून?

टाकीखाली ओलं दिसलं म्हणजे टाकीलाच भोक, असं नसतं. बऱ्याचदा दोष पेट्रोल कॉकच्या रबरी रिंगचा असतो, कडक झालेल्या पाइपचा असतो, नाहीतर कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होत असतो. हे सगळं थोडक्या पैशांत सुटतं. त्यामुळे आधी टाकी बाहेरून कोरडी पुसा आणि खालच्या बाजूला खडूची पावडर किंवा टाल्कम पावडर लावा. थोड्या वेळाने जिथून ओला ओघळ सुरू झालेला दिसेल, तिथे गळती.

माझ्या टाकीत ओघळ डाव्या बाजूच्या खालच्या जोडाजवळ निघाला. भोक टाचणीच्या टोकाएवढं.

भोक आतून पडतं

आपल्याला वाटतं बाहेरून काहीतरी लागलं असेल. तसं क्वचितच असतं. टाकी अर्धी रिकामी असली की वरच्या जागेत दमट हवा असते. रात्री पत्रा गार पडला की त्या हवेतलं पाणी आतल्या बाजूला धरतं, आणि पेट्रोलपेक्षा जड असल्यामुळे तळाशी जाऊन बसतं. कॉकची नळी तळापासून थोडी वर उघडते, त्यामुळे ते पाणी इंजिनाकडेही जात नाही. सगळ्यात खोल कोपऱ्यात बसून राहतं आणि पत्रा खातं.

काही गाड्यांमध्ये झाकणाभोवतीच्या खळग्यातलं पावसाचं पाणी खाली सोडणारी एक बारीक नळी असते. ती मातीने तुंबली की पाणी झाकणातून आत झिरपतं. शिवाय आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल थोडं पाणी पोटात घेतं, पण पाणी जास्त झालं की दोघं मिळून वेगळे होतात आणि तळ गाठतात. रोज चालणाऱ्या गाडीत पेट्रोल सतत बदलत राहतं, म्हणून हे फारसं जाणवत नाही. उभ्या गाडीत जाणवतं.

घरचा उपाय कितपत?

वाटेत टाकी गळायला लागली तर कपडे धुण्याच्या साबणाची वडी भोकावर घासा. साबण पेट्रोलमध्ये सहसा विरघळत नाही, त्यामुळे गॅरेजपर्यंत पोचता येतं. पाऊस लागला की मात्र गेला. दोन गोळे मळून लावायचं इपॉक्सी जास्त टिकतं, पण पत्रा घासून चकचकीत केलेला आणि पूर्ण कोरडा हवा. पेट्रोल झिरपत असताना वरून थापलेलं इपॉक्सी काही दिवसांत खपलीसारखं निघतं. मी तेही करून पाहिलं.

चाचांनी टाकी दुकानात घेतली नाही

मग टाकी काढली, पेट्रोल ओतून टाकलं, झाकण उघडं ठेवून दोन दिवस ठेवली आणि बाजारात गेलो. तिथे रेडिएटर आणि स्टोव्ह झाळून देणारे एक म्हातारे चाचा आहेत. त्यांनी हातातली बत्ती विझवली आणि टाकी उचलून रस्त्याच्या कडेला ठेवली.

"पाणी भरून आणलीस का?"

"चाचा, दोन दिवस रिकामी आहे. वाससुद्धा येत नाही."

"भरलेली जळते, रिकामी फुटते. जा, धुऊन आण."

हे मी तुम्हाला आकड्यांत सांगतो. हवेत पेट्रोलची वाफ साधारण 1.4 ते 7.6 टक्के असली तरच ती पेट घेते. भरलेल्या टाकीत वाफ इतकी दाट असते की आत तिला पुरेशी हवाच मिळत नाही. रिकाम्या टाकीत हवा शिरते आणि मिश्रण नेमकं त्या मापात येतं. गंजाच्या पापुद्र्यांत आणि जोडांत पेट्रोल मुरलेलं असतंच. वास आला नाही तरी पत्रा तापला की ते बाहेर पडतं. रिकाम्या टाक्या वेल्डिंग करताना फुटतात त्या यामुळे.

टाकी गरम पाण्याने आणि धुण्याच्या पावडरने तीन-चारदा धुतली. मग चाचांनी भोक सगळ्यात वर येईल अशी ती कलती केली आणि भोकाच्या जरा खालपर्यंत पाणी भरलं. वाफेला जागाच उरली नाही. झाकण उघडंच. भोकाभोवतीचा पत्रा घासला, फ्लक्स लावला आणि कथील-शिशाने झाळलं. हे झाळ 190 अंशांच्या आसपास वितळतं. पितळेच्या ब्रेझिंगला 850-900 अंश लागतात. बारीक भोकाला झाळ पुरतं, आणि टाकीवर ज्योत धरावीच लागत नाही, खया वेगळा तापवून टेकवतात. बाबांच्या किल्लीच्या जुडग्याने टाकीचा रंग जिथे घासला गेला होता, तो ओरखडा मला जपायचा होता. तो तसाच राहिला.

हे काम घरी करू नका. धुऊन देणं आपलं, झाळणं कारागिराचं.

आणि गंज?

नुसतं भोक बुजवून थांबलात तर पुढच्या पावसाळ्यात शेजारी दुसरं पडेल. मी टाकीत व्हिनेगर भरून दिवसभर ठेवलं. मग मूठभर नट आत टाकून हलवलं, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतलं आणि लगेच वाळवलं. 'लगेच' महत्त्वाचं, कारण उघडा पडलेला पत्रा तासाभरात पुन्हा लालसर होतो. वाळल्यावर थोडं टू-स्ट्रोक ऑइल आत फिरवलं आणि टाकी काठोकाठ नाही, पण जवळपास भरली. आतून लावायचं सीलर मिळतं, ते इथेनॉलला टिकणारं आहे ना हे डब्यावर बघून घ्या.

भोकाजवळचा पत्रा अंगठ्याने दाबल्यावर आत जात असेल, किंवा तीन-चार ठिकाणी ओघळ निघत असतील, तर मात्र टाकी बदला. आठवण म्हणून जुनी भिंतीवर टांगा. तिच्यात पेट्रोल भरू नका.

गाडी आता पडवीत नाही, अंगणात पत्र्याखाली असते. महिन्यातून एकदा मी ती चालवतो. आईला फोनवर अजून विचारतो, "वास येतो का गं?"

तुमची गाडी बरेच दिवस उभी असेल, तर आज एकदा तिच्याखाली हात फिरवून बघा. भेटू पुढच्या भागात.