दहा टक्के चुकीचा तीस टक्के हत्ती

हिंगोलीच्या पायाखालचा काळा कातळ साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. हत्तींचा तेव्हा मागमूसही नव्हता. त्यांची हाडं शोधायची तर कातळ सोडून नदीकाठचा जुना गाळ बघायला हवा. इथली पूर्णा ज्या गोदावरीला मिळते, तिच्या खोऱ्यात असे जीवाश्म मिळाले आहेत. नांदूर मध्यमेश्वरच्या महाकाय हत्तीबद्दल भूशास्त्रज्ञ गाय पिल्ग्रिम यांनी १९०५ साली लिहिलं. मांजरा खोऱ्यातल्या प्राण्यांचा अभ्यास पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे विजय साठे यांनी केला.

हत्तीची दाढ म्हणजे एकमेकींना चिकटलेल्या उभ्या पट्ट्या. दहा सेंटिमीटरमध्ये किती पट्ट्या बसतात, हे मोजून जातीचा अंदाज घेतात. मात्र जबड्याच्या प्रत्येक बाजूला हत्तीला जन्मभरात एकामागून एक सहा दाढा येतात आणि पुढची दाढ मागे पडलेल्या दाढेपेक्षा मोठी असते. हातातली दाढ कितवी, हे आधी ठरवलं नाही तर पिल्लू आणि थोराड नर या दोन वेगळ्या जाती वाटायच्या! शिवाय एकाच कळपातही सगळे सारखे नसतात. म्हणून सरासरीबरोबर विखुरणीही बघतात. सिम्पसन आणि रो यांच्या १९३९च्या पुस्तकानुसार एका जातीच्या मोजमापांचा विचलन गुणांक, म्हणजे विखुरणी सरासरीच्या किती टक्के ते, बहुधा ४ ते १० असतो. त्याहून बराच जास्त आला तर ढिगात दोन जाती मिसळल्याची शंका घ्यावी.

वजनाचं गणित याहून निसरडं. कॅम्पिओने आणि इव्हान्स यांनी २०१२ साली आजच्या चतुष्पादांची दंडाची आणि मांडीची हाडं मोजून सूत्र काढलं. त्यानुसार दोन्ही हाडांच्या घेरांची बेरीज दुप्पट झाली तर वजन जवळजवळ पावणेसातपट होतं. म्हणजे झिजलेल्या हाडांमुळे ही बेरीज १० टक्के चुकली, की वजन सुमारे ३० टक्के चुकलंच.

नर्मदा-गोदावरीच्या खोऱ्यांतल्या त्या महाकाय हत्तीचं वजन २२ टन असल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. तो आकडा संशोधक आसिएर लारामेंडी यांनी मांडीच्या हाडाच्या एका तुकड्यावरून काढलेला आहे आणि तो जपूनच घ्यावा, असं त्यांनी स्वतःच बजावलंय. मथळ्यात ते बजावणं येत नाही, आकडा तेवढा येतो. मला विचाराल तर २२ टनांपेक्षा दहा धड दाढा जास्त मोलाच्या, पण कुठल्या थरातल्या ते माहीत असलेल्या. वाळू उपशात दगडासारखं जड हाड दिसलं तर ते उचलण्याआधी जागेचा फोटो काढा, खोली मोजा आणि तहसील कार्यालयाला कळवा. घरी नेऊन शोकेसमध्ये ठेवलेली दाढ कितीही देखणी असली, तरी या हिशोबात धरता येत नाही.