५३ मुलांचे कॉलेज

विद्यापीठ म्हटलं की मोठ्या इमारती डोळ्यांपुढे येतात. पण अमेरिकेतल्या कोस्टल कॅरोलायना विद्यापीठाला सुरुवातीला स्वतःची खोलीसुद्धा नव्हती! अटलांटिक महासागराजवळच्या कॉनवे गावी, १९५४ साली, हायस्कुलाच्या इमारतीत संध्याकाळचे वर्ग भरू लागले. विद्यार्थी अवघे ५३. पुढे लोकांच्या कराच्या पैशातून मदत मिळाली. १९६० मध्ये ते मोठ्या विद्यापीठाची शाखा झाले आणि १९९३ साली स्वतंत्र सरकारी विद्यापीठ बनले.

त्यांच्या खेळाडूंची खूण म्हणजे कोंबडा! हा चॉसर कवीच्या गोष्टीतला. कोल्ह्याने तोंडात धरले, तेव्हा याने त्याला बोलायला लावले आणि तोंड उघडताच भुर्रकन झाडावर!

२०१६ साली हा संघ बेसबॉलच्या राष्ट्रीय महाविद्यालयीन अंतिम स्पर्धेत पहिल्यांदाच पोचला. ॲरिझोना विद्यापीठाशी निर्णायक फेरीत तीन सामने झाले. पहिला ०-३ असा गेला. पण खेळाडू डगमगले नाहीत. दुसरा ५-४, तिसरा ४-३ असा जिंकून ते अजिंक्य ठरले!

आपली शाळाही लोकांच्या करावरच चालते. म्हणून पालकहो, पट लहान आहे म्हणून आम्हांला कमी लेखू नका. आणि गड्यांनो, पहिला डाव गेला तरी मैदान सोडायचं नाही!