यादी लागेपर्यंतचे दिवस

आज बचत, कर्ज आणि हप्ता थोडा वेळ बाजूला ठेवूया आणि अकरावीच्या यादीबद्दल बोलूया. दहावीचा निकाल लागला, पेढे वाटून झाले, की घरात वाट पाहणं सुरू होतं. लेक दर अर्ध्या तासानं मोबाईल उघडते. तिचं जेवणात लक्ष नसतं. आईला मात्र नेमकं काय चाललंय तेच कळत नाही. म्हणून ही यादी कशी चालते, ती पुढे का सरकते आणि ती लागेपर्यंत आपण घरच्या बायकांनी काय करायचं, हे आज सांगणार आहोत.

ही वाट सगळ्यात लांबली ती कोरोनाच्या वर्षी, 2020 मध्ये. ते वर्ष नीट समजून घेतलं, तर यादीचं सगळं गणित कळतं.

आठवतंय ना ते वर्ष? मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि भिवंडीतले माग बंद पडले. परगावचे कामगार मिळेल त्या वाटेनं घरी निघाले. गोदामांतलं कामही बऱ्याच जणींचं गेलं. दहावीच्या मुलांचा एकच पेपर उरला होता, भूगोलाचा. तो आधी पुढे ढकलला, मग रद्द झाला आणि बाकीच्या विषयांच्या सरासरीवरून त्याचे गुण दिले गेले. निकाल लागला 29 जुलैला. राज्यात 95.30 टक्के मुलं पास झाली. त्याच्या आदल्या वर्षी, 2019 मध्ये, हा आकडा 77.10 टक्के होता. यामागे एक मोठं कारण होतं. 2019 मध्ये भाषा आणि समाजशास्त्राचे शाळेकडचे 20 गुण बंद केले होते, ते 2020 मध्ये पुन्हा सुरू झाले.

आता आईनं समजून घ्यायची पहिली गोष्ट. सगळ्यांचेच गुण वाढले, की कॉलेजचा कट-ऑफही वर चढतो. कट-ऑफ म्हणजे त्या यादीत शेवटचा प्रवेश मिळालेल्या मुलाचे गुण. तो कॉलेज आधी ठरवत नाही. अर्ज किती आले आणि कुणाचे आले, त्यावर तो ठरतो. त्यामुळे 85 टक्के मिळवलेल्या लेकीचं नाव एखाद्या कॉलेजच्या यादीत आलं नाही, म्हणजे ती अभ्यासात कमी पडली असं नव्हे. त्या कॉलेजच्या रांगेत तिच्या पुढे जास्त मुलं उभी आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरी गोष्ट, पसंतीक्रम. अर्जाचे दोन भाग असतात. पहिल्या भागात नाव, गुण आणि आरक्षणाची माहिती. दुसऱ्या भागात कॉलेजांची नावं, जास्तीत जास्त दहा, आवडीच्या क्रमानं. पहिल्या नंबरवर लिहिलेलं कॉलेज मिळालं, तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. घेतला नाही, तर मूल नियमित फेऱ्यांतून बाहेर पडतं. दोन ते दहामधलं मिळालं, तर प्रवेश घ्यायचा की पुढच्या यादीसाठी थांबायचं, हे आपण ठरवायचं. म्हणून पहिल्या नंबरवर नाव लिहिताना फक्त कॉलेजचं नाव मोठं आहे एवढंच बघू नका. लेक तिथे रोज कशी जाणार, हेही बघा. भिवंडीहून ठाण्याला किंवा कल्याणला जायचं म्हणजे बस नाहीतर शेअर रिक्षा, आणि मुंबईतलं कॉलेज असेल तर पुढे लोकल. पाड्यावरून भिवंडीपर्यंत यायचा वेळ आणखी वेगळा. एका दिवसाचं भाडं वहीत लिहून महिन्याचा हिशेब करा. गटाचा हिशेब करता येतो, तर हाही येईल.

तिसरी गोष्ट, यादी पुढे का सरकते. आपल्या गटात कर्जासाठी नंबर लागलेले असतात. एखाद्या ताईची पाळी आली आणि तिनं कर्ज घेतलं नाही, तर पैसा पुढच्या ताईकडे जातो. इथेही तसंच असतं. कुणी पॉलिटेक्निकला किंवा आयटीआयला जातं. कुणाला पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळूनही ते तिथे जात नाही. संस्थेच्या, व्यवस्थापनाच्या किंवा अल्पसंख्याक कोट्यातल्या जागा भरल्या नाहीत, तर त्या परत केल्या जातात. अशा जागा पुढच्या यादीत येतात. पण दुसऱ्या यादीत कट-ऑफ उतरेलच, असं धरून चालू नका. थांबायचं असेल, तर खालचं कॉलेज हातचं जाऊ शकतं, हे लेकीला आधीच सांगा आणि मग दोघी मिळून ठरवा.

2020 मध्ये काय झालं बघा. पहिली यादी लागली 30 ऑगस्टला. दुसरी यादी सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात लागणार होती. पण 9 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयानं मराठा आरक्षणाला अंतरिम स्थगिती दिली आणि प्रवेशाचं काम जागच्या जागी थांबलं. दुसरी यादी लागली थेट 5 डिसेंबरला. म्हणजे जवळजवळ तीन महिने हजारो मुलं ना शाळेत, ना कॉलेजात. त्यात लॉकडाऊनची भीती, घरात एकच मोबाईल, आणि तोही वडिलांच्या खिशात. नोव्हेंबरमध्ये प्रवेश न झालेल्या मुलांसाठी सरकारनं ऑनलाइन वर्ग सुरू केले. पण ज्या घरात रिचार्जलाच पैसे नव्हते, तिथे त्यांचा काय उपयोग?

खरा धोका या रिकाम्या दिवसांतच असतो. यादीत नाव नाही, त्यापेक्षा "नुसती बसलीये घरात" हे वाक्य जास्त घातक असतं. कुणी म्हणतं, तोवर गोदामात पॅकिंगला जाऊ दे, चार पैसे येतील. कुणी स्थळ घेऊन येतं. आधी चार दिवस, मग एक महिना, असं करत लेक शिक्षणातून कायमची बाहेर पडते आणि कुणी तसं ठरवलेलंही नसतं. तिच्या पावसाळी चिंतेपेक्षा ही गोष्ट मोठी आहे. लग्नाचा विषय निघाला आणि मुलगी अठराच्या आतली असेल, तर तो कायद्यानं गुन्हा आहे. 1098 या नंबरवर फोन करता येतो.

मग आपण गट म्हणून काय करू शकतो? आमच्या अनुभवातून चार कामं सांगतो.

एक, कागद आधी तयार ठेवा. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, लागू असेल तर जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर. सेतू केंद्रात गर्दी निकालानंतर होते, म्हणून एप्रिलमध्येच जाऊन या.

दोन, लॉगिनचा नंबर आणि पासवर्ड घरातल्या वहीत लिहा. सायबर कॅफेवाल्याकडे सोडून येऊ नका. पैसे घेऊन यादीत नाव आणून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. यादी गुणांवर आणि पसंतीवर लागते.

तीन, वाट पाहणाऱ्या लेकीला रोजचं एक ठरलेलं काम द्या, पण ते अभ्यासाला धरून असू द्या. अकरावीची जुनी पुस्तकं गावातल्याच कुणाकडून आणा. चार मुलींनी एकत्र बसून वाचायला गटाच्या बैठकीची जागा चालेल.

चार, तिच्या मनाकडे लक्ष द्या. शेजारणीच्या मुलाचे गुण जेवताना काढू नका. ती जेवत नसेल, झोपत नसेल, "माझं काही खरं नाही" असं म्हणत असेल, तर हसण्यावारी नेऊ नका. 14416 हा टेलिमानसचा मोफत नंबर आहे, त्यावर मराठीत बोलता येतं.

हे सगळं आज सांगायचं कारण असं, की 2020 मध्ये ही ऑनलाइन यादी मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा मोठ्या शहरांपुरतीच होती. 2025 पासून ती साऱ्या राज्यात आली आहे. म्हणजे शहापूरची, वाड्याची, मुरबाडची लेकही आता याच यादीची वाट बघणार. म्हणून पुढच्या मासिक बैठकीत एक काम करा. गटातल्या कुणाकुणाची मुलं यंदा दहावीला आहेत, त्यांची नावं इतिवृत्ताच्या वहीत लिहून घ्या. निकालानंतर प्रत्येक यादीच्या दिवशी त्या घरी एक ताई जाऊन येईल, असं ठरवा. नाव लागलं तर पेढा खाऊन या. नाही लागलं, तर पुढची यादी कधी आहे ते विचारून या, आणि त्या दिवशी पुन्हा जा.