पावसाळ्यात मासळी घेताना: लेबलचा फोटो काढून ठेवा



1 जूनपासून यांत्रिक बोटींची मासेमारी बंद आहे, हर्णैचा लिलावही थांबलाय. सध्या दापोलीत मिळतेय ती मासळी बहुतेक बाहेरून बर्फात आलेली, नाहीतर पाकिटातली. म्हणून आजचा मेसेज बागेचा नाही, जेवणाच्या ताटाचा आहे.

*पाकिटातली मासळी*
मालात दोष निघाला तर कंपनीने तो बाजारातून परत बोलवायचा, असा एफएसएसएआयचा 2017 चा नियम आहे. पण परत बोलावतात तो ठरावीक बॅचचा माल. आपण पाकीट फाडून चुलीत घातलं की आपला माल त्यातला होता का, हे कळायला मार्गच उरत नाही. तेव्हा आधी लेबलचा फोटो काढा. कंपनीचं नाव, बॅच नंबर, तारीख आणि 14 आकडी परवाना क्रमांक त्यात दिसला पाहिजे. बिलही जपा. फवारणीच्या औषधाचा बॅच नंबर आपण बघतो ना, तसंच हे. माल परत बोलावल्याची बातमी आली की नंबर ताडून बघा. जुळला तर शिजवूनही खाऊ नका, दुकानात परत करा.

फ्रोझन मासळीला उणे 18 अंश लागतं. पावसात आपल्याकडे लाईट किती वेळा जाते ते सांगायला नको! पाकिटात बर्फाचे खडे साठलेत, तुकडे चिकटून ढेकूळ झालंय, तर माल वितळून पुन्हा गोठलाय असं समजा आणि घेऊ नका.

*सुटी मासळी*
हिला बॅच नंबर नाही, त्यामुळे ती परत कोण बोलावणार? जुलै 2018 मध्ये फॉर्मेलिनच्या संशयावरून गोवा सरकारने बाहेरून येणारी मासळी काही दिवस बंदच केली होती. फॉर्मेलिन नुसत्या डोळ्यांनी खात्रीने ओळखता येत नाही. कोचीच्या सिफ्ट संस्थेने त्यासाठी तपासणीची पट्टी काढली आहे. नेहमीच्या, ओळखीच्या विक्रेत्याकडून घ्या आणि माल कुठून आला ते बिनधास्त विचारा.

त्याहून जास्त गाठ पडते ती बांगडा, तारली, कुपा यांच्याशी. हे मासे बर्फाविना तापले की त्यात हिस्टामाइन तयार होतं. ते तळून, उकळून किंवा गोठवून जात नाही. मासा दिसायला बरा असतो, कधी जिभेला तिखट चुरचुरतो. खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होतं, खाज येते, डोकं दुखतं. घरात म्हणतात "मासे बाधले", पण खरी चूक बर्फाची असते. बाजारातून येताना डबा आणि बर्फ सोबत ठेवा. श्वास लागला, घसा सुजला तर थेट दवाखाना गाठा.

*तक्रार*
संशय आला तर उरलेला मासा फेकू नका, पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये ठेवा. तक्रार 'फूड सेफ्टी कनेक्ट' ॲपवर किंवा 1800112100 या टोल फ्री नंबरवर करता येते. तिथे बिल आणि लेबलचा फोटो कामी येतो.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी, दापोली