आवर्ती खर्च

महिन्याचा पहिला सोमवार, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन. नियोजन सभागृहाबाहेरच्या व्हरांड्यात बाकं दोन आणि माणसं पन्नासेक, त्यामुळे बहुतेक जण भिंतीला टेकून उभे आहेत. कुणाच्या पिशवीत शेतरस्त्याचा नकाशा आहे, कुणाच्या हातात निराधार योजनेचे पैसे थांबलेलं पासबुक. जिन्याजवळ एक घोळका बसला आहे: काही आया, दोन-तीन बाप, एक मामा आणि शाळा बुडवून आलेली पोरं. सगळ्या पोरांना टाइप वन मधुमेह. यांच्या शरीरात इन्सुलिन बनतच नाही. ते रोज टोचून घ्यावं लागतं, जन्मभर.

शिपाई दारातून ओरडतो, "आत जाताना मोबाइल बंद करा. साहेबांना आवाज चालत नाही."

"आमचा बंद नाही करता येणार, भाऊ," एक बाई म्हणते. "हा पोरीच्या साखरेचा हाय."

शिपायाला ही सबब नवीन असावी. बाई मुलीची बाही वर सारते. चौथीतली पोर, दोन वेण्या, दंडावर दहाच्या नाण्याहून थोडी मोठी पांढरी चकती.

"हे सुईसकट आत हाय का?" शिपाई वाकून बघतो.

"सुई लावतानाच निघून जाती. आत नुसती बारीक तार असती."

फोनवर आकडा आहे 82 आणि शेजारी खाली झुकलेला बाण. आई आकड्याकडे फारसं बघत नाही, बाणाकडे बघते, आणि पिशवीतून पार्ले-जीचा पुडा काढून तीन बिस्किटं पोरीच्या हातावर ठेवते. बोट टोचून पट्टीवर रक्त घेतलं असतं तर पट्टीनंही 82 च्या आसपासच दाखवलं असतं, आणि सगळं ठीक समजून पोरगी खेळायला गेली असती. 70 च्या खाली गेलं की यांच्या भाषेत 'लो'. हात थरथरतात, घाम फुटतो, आणि वेळीच साखर पोटात गेली नाही तर शुद्ध हरपते. पट्टी त्या क्षणापुरतं सांगते. पुढे काय वाढून ठेवलंय ते बाण सांगतो. चकती रक्तातली साखर मोजत नाही, कातडीखालच्या द्रवातली मोजते, म्हणून तिचा आकडा काही मिनिटं मागे असतो. शंका आली की बोट टोचावंच लागतं. पण रात्रभर जागी राहते ती चकतीच.

ही चकती म्हणजे सेन्सर, एका दात्याने दिलेला. आज त्याचा बारावा दिवस. चौदा दिवस भरले की तो आपोआप बंद पडेल. बाजारात एकाची किंमत साडेचार-पाच हजार. वर्षाला असे 26 लागतात, म्हणजे सव्वा लाखाच्या आसपास. मुलीचा बाप जिनिंगमध्ये हंगामी कामाला आहे. घरी फ्रिज नाही, इन्सुलिनची बाटली माठातल्या गारव्यात ठेवतात.

नाव पुकारलं जातं. मोबाइलवर तोडगा निघाला आहे: फोन शिपायाच्याच हातात राहील, वाजला तर तो आत येऊन सांगेल.

आत लांबलचक टेबलं, निळी टेबलक्लॉथं, प्रत्येक खात्याचा माणूस आपापल्या पाटीमागे. अर्ज हातात घेताच कारकून म्हणतो, "साहेब, हे लोकशाही दिनात बसत नाही. तक्रार वैयक्तिक लागते, ही धोरणात्मक मागणी आहे."

मामा याच वाक्याची वाट बघत असावा. "म्हणून तर अकरा पोरांचे अकरा अर्ज केलेत, साहेब. ज्याची त्याची तक्रार वेगळी." टेबलावर अकरा फायली एकावर एक. जिल्हाधिकारी हसतात आणि चष्मा काढून ठेवतात. माणूस ऐकून घेणारा आहे, असं बाहेर सगळेच म्हणत होते.

"फुले आरोग्य योजनेतून होईल?" ते विचारतात.

योजनेचा समन्वयक उठून सांगतो की ती दाखल झालेल्या रुग्णांसाठी आहे. शुगर अफाट वाढून, कीटोॲसिडोसिस होऊन मूल आयसीयूत आलं, तर त्याचं पॅकेज आहे. घरी बसलेल्या मुलाला काही देता येत नाही.

"असंसर्गजन्य आजारांचा कार्यक्रम?"

जिल्हा आरोग्य अधिकारी म्हणतात, त्यातली तपासणी तिशीपुढच्या लोकांची. पोरीचं वय नऊ.

"मग जिल्हा नियोजनातून? नावीन्यपूर्ण योजना?"

इथे नियोजन अधिकारी पहिल्यांदा मान वर करतात. "यंत्र घ्यायचं असतं तर देता आलं असतं, साहेब. हे दर चौदा दिवसांनी संपतं. आवर्ती खर्च आहे."

खरी गाठ इथेच आहे, असं मला ऐकताना वाटतं. आपल्या सरकारी पैशाला एकदाच घ्यायच्या वस्तू आवडतात. रुग्णवाहिका, सोनोग्राफी, नवी इमारत. फीत कापली, फोटो निघाला, साठा नोंदवहीत नोंद झाली. वापरून कचऱ्यात जाणारी वस्तू कुठल्या लेखाशीर्षात घालायची? आजार मात्र आवर्ती आहे, त्याला कुणाची मंजुरी लागत नाही.

जिल्हा शल्यचिकित्सक बोलू लागतात तेव्हा मला वाटतं, हे आता टोलवणार. पण त्यांचा मुद्दा कच्चा नाही. "सेन्सर चांगलाच आहे, मी नाही म्हणत नाही. पण माझ्याकडे इन्सुलिन आहे आणि पट्ट्या मधूनच संपतात. एका मुलाच्या सेन्सरच्या पैशात चार-पाच मुलांच्या वर्षभराच्या पट्ट्या येतात, रोजच्या चार धरून. मी आधी कुणाला देऊ?"

सभागृहात कुणी बोलत नाही. हा हिशेब खोटा म्हणता येत नाही, आणि तो मांडणारा डॉक्टर दुष्ट नाही. उत्तर देते ती पोरीची आई, उभी राहून, पदर सावरत.

"पट्ट्या द्याच, डॉक्टरसाहेब. सेन्सर नसला की रात्री दोनचा गजर लावून मीच टोचते तिचं बोट. दोनला 140 असती. तीनला काय होतं ते पट्टी कुठं सांगती? मागच्या पावसाळ्यात पहाटं उठवाया गेले तर पोरगी गार पडलेली, डोळे फिरवलेले. पट्टी डब्यात होतीच की."

मामा फाईल पुढे सरकवतो. त्यात केरळच्या 'मिठायी' योजनेचं कात्रण आहे: टाइप वनच्या मुलांसाठी राज्य सरकारची योजना, इन्सुलिन पेनपासून सेन्सरपर्यंत. आणि एक पान इंग्लंडचं. तिथे 2017 च्या नोव्हेंबरात ही चकती सरकारी यादीत आली, पण पैसे द्यायचे की नाही हे त्या त्या भागातल्या आरोग्य मंडळांवर सोपवलं. एका गावात मिळे, शेजारच्या गावात नकार. तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे स्वतः टाइप वन, त्यांच्या दंडावर चकती दिसायची, तरी हा घोळ चालूच. 2019 च्या एप्रिलपासून मध्यवर्ती पैसा आला तेव्हा तो निस्तरू लागला, आणि 2022 च्या मार्चमध्ये तिथल्या 'नाइस' या संस्थेने टाइप वनच्या सगळ्यांनाच सेन्सर द्यावा असं सांगितलं. इंग्लंडची तिजोरी आपल्याकडे नाही, हे मामालाही कळतं. त्याने लाल पेनने अधोरेखित केलंय ते एवढंच, की सुरुवात तिथेही भागाभागानेच झाली.

"म्हणजे तुम्हाला मी पहिला जिल्हा करायचाय," जिल्हाधिकारी म्हणतात.

"हो, साहेब."

शेरा तोंडी सांगितला जातो, कारकून भराभर लिहितो. पट्ट्यांची तूट रुग्ण कल्याण समितीतून पंधरा दिवसांत भरून काढावी. दहा वर्षांखालील मुलांसाठी एक वर्षाच्या सेन्सरचा प्रस्ताव शल्यचिकित्सकांनी तयार करावा, आणि आवर्ती खर्चाबाबत शासनाचे मार्गदर्शन मागवावे. पुढचा अर्ज विहिरीच्या अनुदानाचा आहे.

बाहेर शिपाई फोन परत देतो. "एकदा बी वाजला नाही," तो म्हणतो, जणू त्यानेच सांभाळलं. आकडा 104, बाण आडवा.

जिन्यावर मात्र वादाला तोंड फुटतं. एका बापाचा मुलगा बारा वर्षांचा आहे. दहाची अट कुणी घातली, असं तो मामाला विचारतो, जणू ती मामानेच घातली. एक बाई म्हणते, पट्ट्या मिळाल्या हे काय कमी हाय. मामाला 'मार्गदर्शन' म्हणजे काय ते चांगलं माहीत आहे. तो आवक-जावक खिडकीवर जाऊन अकराही अर्जांवर पोच मागतो. कारकून म्हणतो एकावर देतो. मामा म्हणतो, तक्रारी अकरा आहेत. अखेर शिक्का अकरा वेळा उमटतो.

"पालकमंत्री 26 जानेवारीला झेंड्याला येतात," मामा पोचा मोजून पिशवीत घालतो. "सहाला निघायचं. पोरं पुढं उभी करायची, बाह्या वर करून."

"थंडी असती तेव्हा," पोरीची आई म्हणते. "आणि चकती कुठली आणायची? ही तर परवाच संपती."