समुद्रात पीएचडी करायचीय? आधी स्वतःचा विषय बघा

एम.एस्सी. झाल्यावर खारघरच्या खोलीत बसून मी दोन महिने नुसत्या जाहिराती चाळल्या. विषय रसायनशास्त्र. वाटायचं, आपण समुद्रविज्ञान शिकलोच नाही, आपल्याला कोण घेणार? या गैरसमजात एक प्रवेशफेरी हुकली. तुमची हुकू नये म्हणून हे लिहितोय.

समुद्रविज्ञान हा एकच एक विषय नाहीये. उदाहरण बघा. गोव्यात कांदोळीसमोरच्या समुद्रात पावसाळ्याच्या उत्तरार्धात तळाजवळचा ऑक्सिजन जवळजवळ संपतो. तो किती उरला हे मोजणं रसायनशास्त्र. जिवाणू मग ऑक्सिजनऐवजी नायट्रेट वापरतात, ते सूक्ष्मजीवशास्त्र. ते पाणी किनाऱ्याकडे कसं येतं, ते भौतिकशास्त्र. म्हणून पहिला प्रश्न असा विचारा: समुद्रातलं कुठलं कोडं माझ्या विषयाचं आहे?

मग संस्था शोधा. दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून आहे. तिचं एक केंद्र अंधेरीत आहे. वास्कोला ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. मान्सून आणि समुद्राचं नातं अभ्यासायचं तर पुण्याची आयआयटीएम. आणि आपल्या खारघरहून तीन स्टेशनं पुढे, नवीन पनवेलला, भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. समुद्रतळाच्या खडकांत गोठलेल्या चुंबकत्वावरून तळ कसा पसरत गेला हे कळतं, त्यामुळे भौतिकशास्त्र आणि भूशास्त्रवाल्यांनी ती जरूर बघावी.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो ती गोष्ट. फेलोशिप आणि प्रवेश वेगवेगळे असतात. सीएसआयआर-नेट तुम्ही तुमच्याच विषयातून देऊ शकता. जेआरएफ मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये अधिक घरभाडं. पण त्याने पीएचडीची नोंदणी आपोआप होत नाही. दोनापावलाच्या संस्थेत पीएचडीसाठी 'अ‍ॅकसर'कडे वेगळा अर्ज करावा लागतो. त्याची सत्रं जानेवारी आणि ऑगस्टची. तारखा त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीतच तपासा.

नेट निघाली नाही तर प्रोजेक्ट असोसिएटची जागा हा चांगला रस्ता आहे. काम शिकता येतं, पगार मिळतो. पण मुलाखतीतच नम्रपणे विचारा: "सर, यातून पीएचडीची नोंदणी शक्य आहे का?" प्रोजेक्टची मुदत संपते, वय वाढतं आणि हातात फक्त अनुभवाचं पत्र उरतं, असं व्हायला नको.

शेवटी ईमेल. मी सुरुवातीला एकच मजकूर वीस जणांना पाठवला होता: "मला समुद्राची खूप आवड आहे." एकही उत्तर आलं नाही. नंतर एका मार्गदर्शकांचा एक पेपर नीट वाचला, नमुने गोळा करण्याच्या पद्धतीवर एक खरा प्रश्न विचारला आणि मला काय करता येतं ते तीन ओळींत लिहिलं. चौथ्या दिवशी उत्तर आलं.

निकालाची वाट बघत बसू नका. या आठवड्यात एक पेपर वाचा आणि एक प्रश्न लिहून काढा. सुरुवात तिथूनच होते.