क्रिकेटचा ऑफ-सीझन : अफवा ऐका, पण आधी वजाबाकी करा!

आयपीएलची फायनल झाली की आपल्याकडे लोकांना वाटतं, चला, आता मार्चपर्यंत सुट्टी. पण खरा पिक्चर तेव्हाच सुरू होतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, ऐन सबमिशनच्या धामधुमीत, हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये आणि टिटवाळा लोकलच्या डब्यात एकच विषय असतो : कोण जाणार, कोण येणार? "रोहित चेन्नईला चालला", "बुमराला बंगलोरने विचारलंय", आणि प्रत्येकाचा कुणीतरी 'आतला माणूस' असतोच!

या अफवांमधली कुठली खरी असू शकते आणि कुठली नुसती हवा, हे ओळखायला आतला माणूस लागत नाही. चौथीतली वजाबाकी पुरते.

पर्स म्हणजे काय?

आपल्या मेसचं उदाहरण घ्या. महिन्याला ठरलेले पैसे जमतात. रविवारी पनीर केलं तर बुधवारी उसळ पातळ होणार. आयपीएलच्या संघाचंही तसंच. मालक कितीही श्रीमंत असो, खेळाडूंवर खर्च करायला सगळ्या संघांना सारखीच रक्कम मिळते. तिला म्हणतात पर्स. २००८ मध्ये ती ५० लाख डॉलर, म्हणजे तेव्हाचे साधारण २० कोटी रुपये होती. २०२५ साठी १२० कोटी आणि २०२६ साठी १२५ कोटी झाली. एवढ्यात जास्तीत जास्त २५ जणांचा संघ उभा करायचा.

म्हणून कुठलीही अफवा आली की पहिला प्रश्न हाच : त्याला घ्यायचं तर पैसे कुठून येणार? म्हणजेच, कोणाला सोडणार?

हार्दिकचं गणित

सगळ्यात गाजलेलं उदाहरण आपल्याच मुंबई इंडियन्सचं. हार्दिक पंड्याला मुंबईने २०१५ मध्ये १० लाखांत घेतलं होतं. २०२२ मध्ये तो १५ कोटींना नव्या गुजरात टायटन्सचा कॅप्टन झाला आणि पहिल्याच वर्षी ट्रॉफी जिंकला. नोव्हेंबर २०२३ मध्ये कुजबुज सुरू झाली की हार्दिक मुंबईत परत येतोय. २६ तारखेला संघांनी राखलेल्या खेळाडूंच्या याद्या जाहीर केल्या. गुजरातच्या यादीत हार्दिकचं नाव होतं. झालं! सगळ्यांनी विषय बंद केला.

पण ज्याने कागद-पेन घेतलं असतं त्याला वेगळंच दिसलं असतं. मुंबईकडे तेव्हा १५.२५ कोटी शिल्लक होते आणि हार्दिक होता १५ कोटींचा. म्हणजे त्याला घेतल्यावर उरणार २५ लाख, आणि जागा भरायच्या सात. डिसेंबरच्या लिलावात सगळ्यात कमी बोली होती २० लाख. एक खेळाडू घेतला की खेळ खलास!

मग हे जमलं कसं? मुंबईने कॅमेरून ग्रीनला त्याच्या १७.५० कोटींसकट बंगलोरला देऊन टाकलं. १५.२५ अधिक १७.५०, वजा १५ : राहिले १७.७५ कोटी. २७ नोव्हेंबरला दोन्ही सौदे जाहीर झाले. पुढच्या महिन्यात मुंबईने त्याच पैशांत आठ खेळाडू घेतले आणि वर १.०५ कोटी शिल्लक राहिले. म्हणजे हार्दिकची बातमी खरी होती की नाही, याचं उत्तर ग्रीनच्या नावात लपलेलं होतं.

पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. १५ डिसेंबरला रोहितच्या जागी हार्दिक कॅप्टन झाला, वानखेडेवर हुर्यो उडाली, आणि २०२४ मध्ये मुंबई १४ पैकी ४ सामने जिंकून तळाला गेली. कागदावर हिशोब बरोबर असला म्हणजे ड्रेसिंग रूमचाही बरोबर येतो असं नाही.

राखायचं कोणाला?

२०२५ च्या मोठ्या लिलावाआधी तर पेपर अजून कठीण होता. मुंबईने पाच जण राखले : बुमरा १८ कोटी, सूर्यकुमार आणि हार्दिक प्रत्येकी १६.३५, रोहित १६.३०, तिलक वर्मा ८. बेरीज बरोब्बर ७५ कोटी. उरलेल्या ४५ कोटींत बाकी अख्खा संघ. उलट पंजाबने फक्त दोघांना ९.५० कोटींत राखलं आणि ११०.५० कोटी घेऊन लिलावाला बसले. म्हणूनच श्रेयस अय्यरवर ते २६.७५ कोटी लावू शकले. ईशान किशनला मुंबईने सोडलं, हैदराबादने ११.२५ कोटींना उचललं. मुंबईचं त्याच्यावर प्रेम नव्हतं असं नाही, पण पाच जणांना सांभाळल्यावर उरलेल्या पैशांत बाकी अख्खा संघ बसवायचा होता.

अमेरिकेत काय करतात?

अमेरिकेत बेसबॉलवाले या दिवसांना 'हॉट स्टोव्ह' म्हणतात, म्हणजे थंडीत शेगडीभोवती बसून मारलेल्या गप्पा. तिथे पर्ससारखी पक्की मर्यादा नाही. ठरावीक रकमेच्या वर गेलात तर टॅक्स भरा आणि खर्च करा. डिसेंबर २०२३ मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी शोहेई ओहतानीशी १० वर्षांचा ७० कोटी डॉलरचा करार केला, त्यातले ६८ कोटी करार संपल्यावर द्यायचे! आणखी एक फरक आहे. तिथे बहुतेक खेळाडूंना न विचारता दुसऱ्या शहरात पाठवता येतं. आपल्याकडे ट्रेडला खेळाडूची संमती लागते. त्यामुळे अफवेला दुसरा प्रश्न विचारा : त्याला स्वतःला जायचंय का? हार्दिकला यायचं होतं. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये संजू सॅमसन चेन्नईला आणि जडेजा, सॅम करन राजस्थानला गेले. त्यात जडेजाचा आकडा १८ कोटींवरून १४ वर आला. हेही त्याच्या होकाराशिवाय झालं नसतं.

आकड्यामागचा माणूस

आता आपल्या जवळचं उदाहरण. पालघरचा शार्दुल ठाकूर लोकलने प्रॅक्टिसला जायचा. टिटवाळ्याहून रोज मुंबई गाठणाऱ्यांना ते काय असतं हे सांगायला नको. २०२२ मध्ये दिल्लीने त्याला १०.७५ कोटींना घेतलं. वर्षभरात ट्रेड होऊन कोलकाता. मग ४ कोटींना चेन्नई. नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात तर त्याला कोणी घेतलंच नाही. लखनौचा एक बॉलर जखमी झाला म्हणून २ कोटींना संधी मिळाली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच २ कोटींना तो मुंबईत आला. तेव्हा मुंबईकडे लिलावासाठी फक्त २.७५ कोटी राहिले होते, सगळ्या संघांत कमी. तरी त्यांनी त्यात डी कॉकला १ कोटीला आणि चार पोरांना ३०-३० लाखांत बसवलं. आणि तो सोडलेला कॅमेरून ग्रीन? त्याच लिलावात कोलकात्याने त्याच्यावर २५.२० कोटींची बोली लावली!

मग शार्दुल पाच पट वाईट खेळाडू झाला का? नाही. लिलावात मिळतो तो आकडा त्या दिवशी समोरच्याच्या खिशात किती आहे आणि त्याला काय कमी आहे, यावर ठरतो. १०.७५ कोटींचा असताना शार्दुल जेवढा होता, कोणीच न घेतल्यावरही तेवढाच होता. लवकरच कॅम्पसला कंपन्या येतील, पॅकेजचे आकडे नोटीस बोर्डावर लागतील, तेव्हा हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

तर मंडळी, पुढच्या नोव्हेंबरमध्ये कोणी म्हणालं की अमुक तमुक मुंबईत येतोय, तर तीनच गोष्टी विचारा : पर्समध्ये किती आहेत, जागा कोणाची जाणार, आणि त्याला स्वतःला यायचंय का? तिन्हीची उत्तरं मिळाली तर खुशाल पैज लावा. चहाचीच हं, मेसच्या पनीरची नको!